घरात शब्बाथ पुन्हा सुरू करायचाय. मिश्र घर आहे, कुठून सुरुवात करू?

ठाण्याची_लेक

शालोम आणि नमस्कार. आपल्या समाजातले दोन-चार जण इथे लिहितात हे दिसलं, म्हणून विचारायचा धीर केला. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू मंडळींकडून उत्तर मिळालं तर बरंच, पण ज्यांच्या घरात दोन धर्म नांदतात अशा कुणीही बोललं तरी चालेल.

माहेर आमचं ठाण्यातलं. शार हाशामाईम ही आमची मशीद, १८७९ सालची. (हो, सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात, दचकू नका.) शुक्रवारी मावळतीला शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आधी आई काचेच्या पेल्यात अर्धं पाणी आणि वर खोबरेल घालून दिवा लावायची. डोक्यावर पदर, डोळ्यांवर हात, ओठ हलताना दिसायचे. मग काळ्या मनुकांच्या शरबतावर पप्पा किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर मला या सगळ्याचा कंटाळा यायला लागला आणि लग्नानंतर ते आपोआप सुटलं. सासर सीकेपी. माणसं चांगली. मला कुणी काही सोडायला लावलं नाही, कुणी काही धरायलाही सांगितलं नाही.

आई गेली. तिचं घर आवरताना प्रार्थनेचं जुनं पुस्तक माझ्याकडे आलं, एका बाजूला हिब्रू आणि समोर मराठी. ते अधूनमधून उघडते. २०२५ साली योम किप्पुर, म्हणजे आमचा मोठा उपासाचा दिवस, आणि दसरा एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला. कुणाला न सांगता मी उपास धरला. घरात श्रीखंड-पुरी, झेंडूची तोरणं, आणि मी "पोट बरं नाही" म्हणून बसलेली. लेक तेरा वर्षांची आहे, तिला काही लपत नाही. रात्री खोलीत येऊन म्हणाली, "तू उपास करत होतीस ना? मला का नाही सांगितलंस?" आणि मग, "मी नक्की कोण आहे?"

नवऱ्याशी बोलले. तो म्हणतो, "तू कर ना, मी कधी अडवलंय? पण पोरांना अचानक त्यात ओढू नकोस." त्याचंही मला पटतं. धाकटा आठ वर्षांचा आहे, त्याला घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचं प्रचंड वेड. उद्या मी म्हटलं की आमच्यात मूर्ती चालत नाही, तर तो काय समजेल? सासूबाई आमच्याबरोबरच राहतात, त्यांचं देवघर आहे. आणि सीकेपी घर म्हणजे कोलंबीशिवाय रविवार नाही, हे सांगायला नकोच.

आणखी एक अडचण निव्वळ घड्याळाची. ऑफिस परळला. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मी धड लोकलमध्येसुद्धा नसते. मग दिवा लावायचा कधी?

यूट्यूबवर अमेरिकेतल्या बायकांचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले. दोन सिंक, दोन फ्रिज, वेण्या घातलेला पाव, पांढरं टेबलक्लॉथ. बघून वाटतं की हे आपल्याला जन्मात जमणार नाही. तुम्ही कसं केलंत ते सांगा. उपदेशही चालेल, मी सासुरवाशीण आहे, सवय आहे.

—

रोहा_अष्टमी

अगं, तुला अगंच म्हणते, माझी नातवंडं तुझ्या लेकीएवढी आहेत. आधी ते व्हिडिओ बंद कर. त्या बायका त्यांच्या आयांचं करतात, तू तुझ्या आईचं कर. तुझ्या आईने दोन सिंकशिवाय आयुष्यभर पाळलं ना? आमच्या भायखळ्याच्या खोलीत तर एकच मोरी होती, तीही बाहेर.

मीही मिश्र घरातली. नवरा आगरी, आता हयात नाही. मुलगे लहान असताना मीही सगळं सोडलेलं होतं, मग पुन्हा धरलं. का धरलं ते सांगत बसत नाही, प्रत्येकीचं कारण वेगळं. कसं धरलं ते सांगते.

शेमापासून, म्हणजे देव एकच आहे असं सांगणाऱ्या आपल्या प्रार्थनेपासून, सुरुवात कर. शुक्रवारची वाटसुद्धा बघू नकोस. रात्री धाकट्याला झोपवताना "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनु, अदोनाय एहाद" एवढंच म्हण. त्याला म्हणायला लावू नकोस, तू म्हण. कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्या काळात त्यांच्याकडे ना तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, होती, ना हिब्रू वाचणारा माणूस. शेमा मात्र होता. सुन्ता, शनिवार, खवल्यांची मासळी आणि शेमा, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या निघाल्या. शार हारहामीम, मुंबईतली आपली पहिली मशीद, ती १७९६ची. म्हणजे त्याआधी पूजाघर नसतानाच सगळं टिकलं. तुला तर पुस्तक मिळालंय, तेही मराठी समोर असलेलं. तू श्रीमंत आहेस.

आता मासळी. सासूच्या स्वयंपाकघरातून कोलंबी काढायला जाऊ नकोस, भांडण तिथूनच सुरू होईल. तुझ्या ताटातून काढ. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा, हलवा हे सगळं चालतं, पर आणि खवले दोन्ही आहेत. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल नाही. मुशी नाही, पाकट नाही. आता मला सांग, सुरमई तळलेली असताना कोण रडतंय? माझ्या सासूने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग स्वतःच बाजारातून माझ्यासाठी वेगळा बांगडा आणायला लागली. "हिच्या देवाला साल नसलेलं चालत नाही" असं शेजारणीला सांगायची. मी कधी सुधारलं नाही, अर्थ बरोबरच होता.

मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर मीठ लावून उतरतं ठेवायचं, रक्त निघून जातं, मग तीनदा धुवायचं. हलालचा, म्हणजे रीतीने कापण्याचा, प्रश्न वेगळा, आपल्या हाजनने, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्याने, कापलेलं मिळत नसेल तर सरळ मासळी आणि भाजी खा, मी तेच करते. मटणात दही-दूध घालायचं नाही, नारळाचं दूध घालायचं. हे तर तुझ्या सीकेपी सासूला कुणी शिकवायलाच नको.

आणि सासूबाईंना पाहुणीसारखं सोफ्यावर बसवून "बघा हं आमचा धर्म" करू नकोस. कामाला लाव. त्या देवघरासाठी वाती वळत असतीलच. शुक्रवारच्या दिव्यासाठी कापूस त्यांच्या पुढ्यात ठेव. माझ्याकडे शेवटपर्यंत सासूच वळायची. दिवा लावणारी मी.

मनुकांचं शरबत विसरली असशील तर: काळे मनुके धुऊन रात्रभर भिजत घाल, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात एक उकळी, गार झालं की हाताने कुस्करून फडक्यातून गाळ. साखर नको. बाजारातली दारू आणण्यापेक्षा हे बरं, पोरांनाही देता येतं. त्यावर "बोरे पेरी हागाफेन" हा द्राक्षाचा आशीर्वाद. किद्दुश नवऱ्याने म्हणायला हवा असं काही नाही, तो आपल्यातला नाही, तूच म्हण. पाव दोन ठेव, अख्खे. वेणीचा नको, बेकरीतला चालतो, त्यात दूध नाही एवढं विचारून घे.

सणांचं सांगायचं तर आपले सण असे आहेत की कोकणातल्या कुठल्याही घराला परके वाटणार नाहीत. खिरीच्या सणाला खीर कर, रोश हाशानाला, म्हणजे आपल्या नव्या वर्षाला, चिकाचा हलवा कर. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, हात दुखेस्तोवर ढवळायचं. नवऱ्याला ढवळायला लाव, हाताला काम असलं की पुरुषांच्या शंका कमी होतात. आणि बिरड्याचा सण! आपल्या आव महिन्याच्या नवव्या दिवसाचा उपास आणि वालाचं बिरडं. अगं, सीकेपी घरात बिरडं म्हणजे कोलंबीच्या बरोबरीचं दैवत. तिथे तर तुला काही समजावायचंच नाहीये.

गणपतीबद्दल मी माझं सांगते, बाकीचे वेगळं सांगतील. मी मोदक वळत होते. आरतीच्या वेळी हात जोडले नाहीत, ताम्हन हातात घेतलं नाही, आत असायचे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

—

मुसाफिर_७२

खूप छान धागा. ठाण्याची लेक, तुम्ही फार विचार करू नका. ऑफिसातून उशीर झाला तर घरी आल्यावर शांतपणे दिवा लावा. देव भाव बघतो, घड्याळ नाही.

एक शंका, मलिदा हा शब्द तुमच्यातही आहे असं ऐकलं होतं. दर्ग्यात वाटतात तोच का?

—

अश्दोदवाली

मुसाफिर, तुमचा भाव चांगला आहे, पण हा सल्ला उलटा बसतो. सूर्य मावळला की शब्बाथ लागला, आणि शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवायचा नाही. उशिरा लावलेला दिवा म्हणजे शब्बाथसाठीच शब्बाथ मोडणं. साधारण मावळतीच्या अठरा मिनिटं आधी लावतात. उशीर झाला तर त्या दिवशी दिवा नाही, एवढंच. जेवण करा, किद्दुश म्हणा, पुढच्या शुक्रवारी बघा.

पण ठाण्याची लेक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच घरात आहे की. मुलगी तेरा वर्षांची आहे म्हणालात. आपल्यात मुलगी बाराव्या वर्षी मित्झवांना, म्हणजे धर्माच्या आज्ञांना, बांधील होते. तुम्ही ज्यू, म्हणून ती ज्यू. आईकडून जातं, बाप कोण याने फरक पडत नाही. त्या घरात दिवा लावायचा जेवढा अधिकार तुम्हाला आहे तेवढाच तिला. घरातल्या एकीने लावला की तो घराचा दिवा झाला. तुम्ही परळला असाल तेव्हा तिला लावू द्या. सासूबाई वाती वळू शकतात, तेल घालू शकतात, पण तुमच्या वतीने लावू शकत नाहीत. मुलगी लावू शकते. "मी कोण" याचं उत्तर तिला समजावून देण्यापेक्षा हे सोपं जाईल.

आशीर्वाद लिहून देते, देवनागरीत: बारुख अत्ता अदोनाय, एलोहेनु मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानु बेमित्झवोताव, वेत्झिवानु लेहादलिक नेर शेल शब्बाथ. आमच्याकडे आता शब्बात म्हणतात, तुमची आई शब्बाथ म्हणत असेल. तिचंच ठेवा.

एक कोरडी गोष्ट, पण इथे इस्राएलमध्ये राहून ऐकलेल्या कथांमुळे सांगते. आईचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, सापडला असेल तर जपून ठेवा. नसेल तर ठाण्याच्या मशिदीत चौकशी करा. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आपल्या लोकांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली होती. १९६४ मध्ये आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये निदर्शनं करावी लागली, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं. आता तसं नाही. पण मुलांना उद्या कुठे जायचं असेल, कुणाशी लग्न करायचं असेल, तर आजीचा कागद उपयोगी पडतो. मुलगी आज विचारतेय, मुलगा दहा वर्षांनी विचारेल.

गणपतीच्या बाबतीत रोहा अष्टमींशी माझं पूर्ण जमत नाही. मुलांनी आरतीला उभं राहू नये, प्रसाद खाऊ नये असं मला वाटतं. तुम्ही तसं एका रात्रीत करू शकणार नाही हेही मला कळतं. मी अश्दोदला बसून बोलते, इथे मुलांना गणपती दाखवायचा तर फोनवर दाखवावा लागतो. तुमच्या घरात तो दारातून येतो.

मलिदा: नाव तेच, पण आमचा एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, काप, भोवती फळं, खजूर. नवस फेडायला, लग्नाआधी, बाळ झाल्यावर करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं मानतात, तिथेही लोक नवस करायला जातात. इतर कुठल्या ज्यूंच्यात हे नाही. इस्राएलमध्येही आम्ही करतो, पोहे भारतीय दुकानातून आणून.

—

रास्तापेठ_सुकं_मटण

मुलाच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझी आई साधारण अशीच "परत" आली तेव्हा मी चौदा-पंधराचा होतो. आमचं मिश्र घर नव्हतं, आई-बाबा दोघेही बेने इस्राएल, पण वर्षातून एकदा दार फाळण्याच्या सणाला, म्हणजे योम किप्पुरला, पुण्याच्या सुक्काथ शेलोमो मशिदीत जायचं, पांढरे कपडे, संपलं. मग आई कुठल्यातरी शिबिराला गेली आणि परत आली ती वेगळीच बाई.

पहिल्याच शुक्रवारी टीव्हीची वायर काढून कपाटात. क्रिकेटची मॅच होती. पुढच्या आठवड्यात सगळी भांडी बाहेर, नवी आली. बाबांना टोपीशिवाय जेवायला मिळेना. आम्हाला ती दर वाक्यात हिब्रू शब्द ऐकवायची, आणि आजी, म्हणजे तिची सासू, जी आयुष्यभर शनिवारी चूल न पेटवणारी, तिला ही सांगायला लागली की तुमचं चुकतं. आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं, पण तिला मराठीत योसेफाचं कीर्तन पाठ होतं. आपल्या लोकांनी १८८० पासून मराठीत कीर्तनं केली, पोवाड्यासारखी खड्या आवाजात. आईला तेव्हा ते "इंडियन" वाटायचं. माझी बहीण आणि मी सरळ आजीच्या पार्टीत गेलो. त्या काळात मी शनिवारी मुद्दाम बाहेर जाऊन वडापाव खायचो, आवडत नसतानाही.

मग हे निवळलं कसं? आई बदलली असं म्हणता येणार नाही, ती अजूनही तशीच आहे. पण एका पेसाखला, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाला, तिला हाग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं सुटकेच्या कथेचं पुस्तक, वाचायला कुणी मिळेना, कारण आम्ही सगळे रुसलेले. आजीने जुनं मराठी हाग्गादा काढलं आणि बहिणीच्या हातात दिलं. धाकट्याने प्रश्न विचारायचे असतात, ती धाकटी. मराठीत असल्यामुळे तिला पहिल्यांदा कळलं की ती काय विचारतेय. त्यातून वाद सुरू झाला, इजिप्तच्या पहिल्या पोरांना का मारलं म्हणून. बाबा, जे कधी बोलत नाहीत, ते बोलायला लागले. जेवण अकरा वाजता झालं. त्यानंतर आईने घरात मराठी चालू दिली, म्हणजे धर्मात. वायर कपाटातून परत आली.

तेव्हा ठाण्याच्या ताई, मराठी समोर असलेलं ते पुस्तक पोरांना दिसेल असं ठेवा, कपाटात नको. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हाग्गादा छापलं होतं, त्याच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका मात्झा, म्हणजे पेसाखची बिनखमिराची भाकरी, करतायत. मुलीला ते चित्र शोधून दाखवा. टेबलक्लॉथवाल्या बायकांपेक्षा तिला त्या ओळखीच्या वाटतील.

आणि दर शुक्रवारी एकच गोष्ट. वाढवू नका. मुलांना नव्या नियमाचा राग येत नाही, पुढच्या आठवड्यात अजून एक येणार याचा येतो.

मी स्वतः आज फार काही पाळत नाही. शुक्रवारी आईकडे जेवायला जातो. सुकं मटण असतं, हे खरं कारण.

—

रोहा_अष्टमी

सुकं मटण, तुझ्या आईचा पत्ता दे. आजीच्या वतीने दोन शब्द बोलायचेत.

अश्दोदवाली बाई, मुलीने दिवा लावायचा ही सोय उत्तम. प्रसादाचं म्हणाल तर मीही खात नाही, मी फक्त जाहिरात करत नाही. आठ वर्षांच्या पोराला "हे खाऊ नकोस, पाप आहे" म्हटलं की तो ते आजीला जाऊन सांगतो, त्याच शब्दांत. मग तुम्ही अश्दोदला, मी डोंबिवलीत, आणि ही बिचारी ठाण्यात त्या आजी-नातवाच्या मध्ये.

—

ठाण्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

धागा नवऱ्याला वाचायला दिला. चिकाच्या हलव्याचं वाक्य त्याला झोंबलं, पण हसला. त्याचं म्हणणं एवढंच की मुलीने दिवा लावायचा हे इथे परस्पर ठरवू नका, तिला विचारा. बरोबर आहे, म्हणून विचारलं. बाईसाहेबांच्या अटी: डोक्यावर ओढणी घेईन पण फोटो काढायचा नाही, दिवा लावला म्हणून फोन काढून घ्यायचा नाही, आणि लावताना आजीने "शुभं करोति" सुरू करायचं नाही. शेवटची अट सासूबाईंसमोरच घातली. मला घाम फुटला. त्या म्हणाल्या, "मी माझं सात वाजता म्हणते, तुझं आधी उरकून घे."

कोलंबीचं मी कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी माझ्या ताटात बांगडा होता. धाकट्याने विचारलं, मी म्हटलं मी आता खवल्यांचीच मासळी खाते. तो म्हणाला बरं, आणि माझ्या वाटणीची कोलंबी त्याने घेतली.

गणपतीला अजून अवकाश आहे. ते दोन्ही सल्ले मी जपून ठेवलेत, ठरवलं काहीच नाही. नवऱ्याशी त्यावर बोलायचं आहे आणि ते बोलणं सोपं जाणार नाही, हे तुम्हा दोघींना माहीत आहेच.

केतुबा सापडला, आईच्या लुगड्यांच्या घडीत होता. रास्ता पेठ, ते साड्यांचं चित्र लेकीला दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "ह्यांच्यात पुरुष काय करतायत?"

आता दोन प्रश्न उरले. फोनचं काय करू? आणि सासूबाई विचारतायत की वात लांब की फुलवात, आणि तेल किती.

—

अश्दोदवाली

फोनबद्दल माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. ती दिवा लावतेय. मी इथे बसून आज तरी एवढ्यावर खूश आहे.

—

रोहा_अष्टमी

फोन तिच्याकडे राहू दे. जेवताना ताटाजवळ नको एवढंच, आणि ते सगळ्यांना लागू कर, नवऱ्यासकट. म्हणजे तो धर्माचा नियम न वाटता घराचा वाटेल.

वात लांब. आई पेल्यात लावायची म्हणालीस तर तिच्याकडे बहुतेक बारीक काडी असेल, तिच्यावर कापूस गुंडाळून पेल्यात उभी करायची. खाली पाणी, वर खोबरेल दोन बोटं. तेल जेवण उरकेपर्यंत पुरलं पाहिजे, म्हणून आधी एखाद्या मंगळवारी लावून बघ किती वेळ चालतो. थंडीत खोबरेल गोठतं, ते आधी पातळ करून घे.

आणि सासूबाईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेव. एकदा लावला की मग वात वर करायची नाही, तेल घालायचं नाही, पेला हलवायचा नाही. नाहीतर दिवा मंद झाला की त्या सवयीने उठतील आणि काडीने वात सारतील. माझ्या सासूने वर्षभर तेच केलं.